भर उन्हाळ्यातली ओल

१

कोकिळाचं बाळ बारशाआधीच गेलं. पाळण्यासाठी आणलेला नवा दोर खुंटीला तसाच राहिला. पुढे कुणीतरी तो वासराच्या गळ्यात बांधला. जन्मतःच बाळाचं डोकं मोठं होतं, आत पाणी साचलेलं, आणि डोळ्यांसमोर बॅटरी धरली तरी बुबुळं हलत नव्हती. सुतक फिटायच्या आत लिंबेवाडीने निकाल देऊन टाकला. शेजारच्या कडूबाईची नजर. कडूबाई विधवा, पोटी मूलबाळ नाही, घरात सोबतीला एक मांजर, आणि कोकिळा पोटुशी असताना ती रोज भिंतीवरून डोकावून चौकशी करायची. गावाला एवढा पुरावा पुरला.

परभणीच्या प्रयोगशाळेत कोकिळाच्या रक्तातून वेगळंच नाव निघालं होतं. टॉक्सोप्लाझ्मा. डोळ्यांना न दिसणारा एक परजीवी. मांजराच्या पोटात वाढतो, विष्ठेतून बाहेर पडतो, आणि मातीतून, भाजीतून, कच्च्या मांसातून माणसात शिरतो. एरवी ताप-अंगदुखीपलीकडे तो फारसं काही करत नाही. पुष्कळांना तो होऊन गेल्याचं कळतही नाही. पण बाई गरोदर असताना तो पहिल्यांदाच अंगात आला, तर वारेतून थेट बाळापर्यंत पोचू शकतो.

जिल्ह्यातल्या गरोदर बायांमध्ये हा संसर्ग किती आणि कशामुळे होतो, याचा अभ्यास चालू होता आणि नमुने तपासण्याचं काम ज्ञानेश्वरीकडे होतं. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून ती नुकतीच कामाला लागली होती. कोकिळाचा निकाल कळवायला तिने फोन केला, तेव्हा पलीकडून कोकिळाचा नवरा बजरंग म्हणाला, "मॅडम, आता काय उपेग? माती देऊन आलो आमी." ज्ञानेश्वरीने फोन ठेवला आणि त्या दिवशी डबा न उघडताच परत नेला.

पुढच्या उन्हाळ्यात लिंबेवाडीहून आणखी एक नमुना आला. रुख्मिणी, कोकिळाची धाकटी जाऊ. ऊसतोडीवरून नुकतीच परतलेली, नवरा अजून कारखान्यावरच, तिसरा महिना चालू.

रक्त स्वच्छ निघालं. परजीवीची नवी खूण नाही, जुनीही नाही.

शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "बरं झालं की." ज्ञानेश्वरीने मात्र निकाल पुन्हा एकदा वाचला. जुनी खूण असती तर ती निर्धास्त झाली असती, कारण एकदा होऊन गेलेल्या बाईचं बाळ सहसा सुरक्षित असतं. रुख्मिणीला ते संरक्षण नव्हतं. आणि कोकिळाला जे बाधलं, ते त्या घरात कुठून शिरलं, हे कुणालाच माहीत नव्हतं.

ते अजून तिथेच असलं तर?

२

सोनपेठला ती उतरली त्या दिवशी आठवडी बाजार होता. उन्हाने बाजाराची रया गेली होती. कांदे, वाळक्या मिरच्या, सुरकुतलेली वांगी, चिंचेचे गोळे. पालेभाजीच्या बाया बसतात तिथे एक म्हातारी रिकाम्या पोत्यावर पंखा हलवत बसली होती. तिथून ज्ञानेश्वरी काळीपिवळीने लिंबेवाडीला पोचली, तेव्हा टँकर नुकताच येऊन गेला होता आणि रस्त्यावर सांडलेलं पाणी वाळूनही गेलं होतं.

माळवदाचं घर. दारात लिंबाखाली बाजेवर कोकिळाचे सासरे आश्रुबा बसले होते.

"परभणीहून आल्या का? या, बसा. पाणी आणा गं मॅडमला. अर्धाच तांब्या आणा. शहरातली माणसं दोन घोट घेत्यात आन् बाकीचं तसंच ठिवत्यात."

"अवं, पावण्याला तरी हात राखून देऊ नका," असं म्हणत त्यांची बायको कस्तुराबाई काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन आली. "पाण्याचं त्येंच्या लय डोक्यात हाय, बाई. टँकर आला की ह्ये माणूस रांजणाची राखण करतंय. म्या तोंड धुतलं तरी इचारत्यात, कशाला धुतलं म्हणून."

"मग? कुठं लगीन हाय तुजं?" आश्रुबा म्हणाले.

आतून कुणीतरी हसलं. ती रुख्मिणी. उन्हाने रापलेली, तरतरीत, कोयत्याच्या जुन्या वणांनी भरलेले हात. तिच्यामागे कोकिळा उभी होती, चौकटीला टेकून. ती हसली नव्हती.

ज्ञानेश्वरीने प्रश्न विचारायला सुरुवात केली. मटण, अंडी?

"माळकरी हावं आमी," आश्रुबांनी गळ्यातली माळ दाखवली.

घरात मांजर?

"आमच्यात न्हाई. शेजारी हाय ना, अवदसा," भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ते म्हणाले.

दूध तापवता ना?

"साय धरस्तोवर," कस्तुराबाई म्हणाली.

गेल्या उन्हाळ्यात कोकिळा शेतात जात होती?

"शेतात? ती हातरुणातून उठत नव्हती. फोडणीचा वास आला तरी उलटी. लेकरू नुसतं पाण्यावर होतं बगा." बोलता बोलता कस्तुराबाईचा हात कोकिळाच्या पाठीवर गेला आणि तिथेच राहिला. सासू-सुना ज्ञानेश्वरीने पुष्कळ पाहिल्या होत्या. हा हात दाखवण्यासाठी ठेवलेला नव्हता.

"कच्ची भाजी, पालेभाजी काही?"

"तुमी बाजारातूनच आलाव न्हवं? दिसलं का हिरवं कुठं?" कस्तुराबाई म्हणाली.

कोकिळाने मान हलवली. न्हाई.

"मला बी इचारा की," रुख्मिणी म्हणाली. "म्या पाचट सोडून समदं खाते."

ज्ञानेश्वरीने घरातल्या सगळ्यांचं रक्त मागितलं, तेव्हा आश्रुबा बाजेवर ताठ झाले. "माजं कशाला? म्या काय गरवार हाय?"

रुख्मिणी पदर तोंडात कोंबून आत पळाली. शेवटी बजरंगने आधी हात पुढे केला आणि म्हाताऱ्यालाही करावा लागला. सुई काढताना ते तिच्या कानाशी हळूच म्हणाले, "करणी रक्तात दिसती का, मॅडम?"

"नाही, बाबा. पण जे दिसतं तेच मी शोधतेय."

जाता जाता कोकिळाने तिला फाटकापाशी गाठलं. पहिल्यांदाच ती आपणहून बोलली. "ताई, रुख्मिणीला जपा. परत तसं झालं तर ह्या घरातलं कुणीच उठून उभं राहणार न्हाई."

३

कडूबाईचं दार अर्धं उघडं होतं.

"या, बसा. भ्या नका. नजर लागायची न्हाई. मोतीबिंदू झालाय, तुमचं तोंड बी नीट दिसंना."

खरंच तिच्या डाव्या डोळ्यात दुधी पडदा होता. मांडीवर एक म्हातारी मांजर पसरली होती, कान फाटलेला, मिशा विरळ.

"मग भिंतीवरून रोज काय बघायच्या?"

"बगायला दिसतंय कुठं? इचारायची मी. 'कोकिळे, आज काय खाल्लंस माय?' दुसरं कोण हाय मला बोलायला?" तिने मांजरीच्या डोक्यावरून बोट फिरवलं. "बाळ गेलं, तवापासनं हळदी-कुंकवाचं तर सोडाच, पिठाच्या गिरणीत बी माझा डबा बाजूला ठिवत्यात. मांजर मारायचं धाडस न्हाई कुणात, पाप लागतंय. म्हणून बजरंगानं पोत्यात घातली आन् गंगेच्या, गोदावरीच्या पल्याड सोडून आला. ही बया आली की परत! तवापासनं तिला गंगीच म्हन्ती मी."

ज्ञानेश्वरीने गंगीचे दात पाहिले. झिजलेले, दोन पडलेले. तिला पुस्तकातली ओळ आठवली. मांजर हा परजीवी आयुष्यभर पसरवत नाही. पिल्लूपणी पहिला उंदीर खाल्ला, पहिल्यांदा संसर्ग झाला, की पुढचे थोडे दिवस विष्ठेतून त्याची सूक्ष्म अंडी बाहेर पडतात. मग शरीर त्याला आवर घालतं. ही म्हातारी मांजर आज तरी निर्दोष होती, तिची मालकीण तर होतीच होती.

"आजी, हिला पिल्लं होतात अजून?"

"दर उन्हाळ्याच्या तोंडाला. औंदा एकच जगलंय. तांबडं."

"कुठंय ते?"

"पत्र्याखाली ह्या दिसात थांबतंय का कुणी? दुपारचं कुठं जातंय, देव जाणे. सांजच्याला येतं गारगार होऊन."

ज्ञानेश्वरी परतीच्या गाडीत बसली आणि पहिल्यांदाच तिला शोधायची गोष्ट नीट कळली. मांजर कोणतं, हे शोधायचं नव्हतंच. ती अंडी विष्ठेतून बाहेर पडल्यावर लगेच बाधत नाहीत; ती पिकायला काही दिवस ओल लागते, सावली लागते. खिडकीबाहेर काळी जमीन भेगाळून पडली होती. तळपायाला चटका देणारं ऊन. असल्या मातीत ती तापून, सुकून मरतात.

मग या भाजून निघालेल्या गावात तो जगला कुठे?

४

घरच्यांच्या रक्ताचे निकाल आले. आश्रुबा स्वच्छ. बजरंग स्वच्छ. कस्तुराबाईच्या रक्तात जुनी खूण, बहुतेक कित्येक वर्षांपूर्वीची. कोकिळाची गेल्या वर्षातली.

ज्ञानेश्वरी या चार निकालांशी बराच वेळ झुंजत बसली. पाणी दूषित असतं तर तेच पाणी पिणारे बाप-लेक सुटले नसते. दूध, भाकरी, वरण, सगळं एकाच चुलीवरचं. म्हणजे कोकिळाच्या पोटात असं काहीतरी गेलं होतं, जे घरातल्या पुरुषांच्या ताटात कधी आलंच नाही.

गरोदर बाई एकटी काय खाते? उत्तर समोरच होतं, आणि ते तिला आधी सुचलं नाही याची तिला लाज वाटली. माती.

काही आठवड्यांनी रुख्मिणीचा दुसरा नमुना घ्यायला ती लिंबेवाडीला गेली, तेव्हा तिने कोकिळाला एकटीला विचारलं. कोकिळाने लपवलं नाही.

"खाल्ली. रोजच खायची. आत्याबाईनं बाजारातून भाजकी माती आणून दिली हुती, कुंभाराकडची."

"भट्टीतली?"

"हाव. आन् ती सरली की भिंतीचा पोपडा काढायची, समोरच्या, उन्हातल्या."

भट्टीत भाजलेली माती. मे महिन्यात दिवसभर तापणारी भिंत. दोन्ही ठिकाणी काही जगणं कठीण. तिने मनाशी बांधलेलं उत्तर हातातून निसटलं, आणि समोर रुख्मिणी बाही वर करून बसली होती.

"घ्या लवकर, ताई. औंदा उसाला बी एवढं रक्त दिलं न्हाई मी."

ज्ञानेश्वरीने तिच्या दंडाला रबराची पट्टी बांधली. "मूठ आवळ." रुख्मिणीने मूठ आवळली. शीर शोधायला ज्ञानेश्वरी वाकली आणि थबकली.

वास आला होता. हिरवा, कडवट, ओळखीचा. आई भाजी निवडून उठली की तिच्या बोटांना येतो तो.

तिने रक्त घेतलं, कापूस दाबला, आणि मग तो हात तसाच धरून नाकाजवळ नेला.

"रुख्मिणी, मेथी कुठे मिळाली तुला?"

रुख्मिणीचं हसणं जागीच विरलं. तिने घाबरून कोकिळाकडे पाहिलं.

५

कोकिळा तिला हाताला धरून मागच्या ओसरीत घेऊन गेली. आश्रुबा पुढे बाजेवर घोरत होते.

"मामांना कळू देऊ नका. टँकरचं पाणी भाजीला घातलं म्हणलं की घर डोक्यावर घेतील." ती कुजबुजत होती. "म्हणून न्हाई म्हणलं तुमाला. आमच्या बायाबायातली गोष्ट हुती."

ओसरीच्या कोपऱ्यात मोठा रांजण होता. पाणी गार राहावं म्हणून तो नदीच्या वाळूच्या ढिगात बसवलेला, भोवती ओलं बारदान गुंडाळलेलं. ज्ञानेश्वरीने दोन्ही वेळा याच रांजणातलं पाणी पिऊन समाधान मानलं होतं. तिने बारदानाची मागची बाजू उचलली.

भिंत आणि रांजण यांच्यामध्ये, पाझराने भिजलेल्या वाळूत, बोटभर मेथी उभी होती. सबंध गावात तेवढंच हिरवं असावं.

"मला काही पचत नव्हतं," कोकिळा सांगत होती. "आत्याबाईनं मेथ्या पेरल्या. घोळाणा करून द्यायच्या, कच्ची मेथी, मीठ, जरासं तेल, दाण्याचं कूट. तेवढंच पोटात राहायचं. अमृत वाटायचं बगा. त्या म्हणायच्या, माझ्या टायमाला माझ्या सासूनं मला हिरवं दिसू बी दिलं न्हाई, माझ्या सुनांचं तसं हुणार न्हाई."

"धुऊन खायचात?"

"पिण्याच्या पाण्यावर वाढलेली, ताई. तिला काय धुवायचं? आन् धुवायला पाणी कुठलं?"

ज्ञानेश्वरी गुडघ्यांवर बसली. मेथीच्या पलीकडे वाळूत एक वाटोळा खळगा होता. अंगाचं वेटोळं करून कुणीतरी रोज निजल्यासारखा. कडेला चिकटलेले तांबडे केस. आणि त्याच्या जरा पुढे वाळू उकरून वर ओढलेली, नीटनेटकी झाकलेली.

बाहेर माती मरून पडली होती आणि इथे ओल होती, सावली होती. मांजराला हवी तशी भुसभुशीत वाळू होती.

तिने काही सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही. कोकिळा त्या झाकलेल्या वाळूकडे बघत राहिली. मांजरीमुळे होतं, मातीतून होतं, कच्च्या भाजीतून होतं, हे थोड्या वेळापूर्वी मातीचं विचारताना ज्ञानेश्वरीनेच तिला सांगितलेलं होतं. शेवटचा धागा तिने स्वतःच जोडला.

"गेल्या साली बी पिल्लू येत हुतं," ती म्हणाली. "म्या हाकललं न्हाई. गारव्याला आलंय, म्हणलं. बसू द्या बिचाऱ्याला."

मग तिने ज्ञानेश्वरीचं मनगट घट्ट धरलं.

"आत्याबाईला सांगू नका. तुमच्या पाया पडते."

"कोकिळा, रुख्मिणीनेही खाल्लीय."

"वाळू आत्ताच्या आत्ता फेकते. काय बी निमित्त सांगते, इंचू निघाला म्हणते. पण त्यांना सांगू नका. माझं लेकरू तर गेलंच. आता त्यांना कामून मारायचं?"

पुस्तकात संसर्गाचे धोके दिलेले होते. हा दिलेला नव्हता. लपवलं, तर कस्तुराबाई पुढच्या वर्षी पुन्हा वाळू आणणार, पुन्हा मेथ्या पेरणार, त्याच मायेने. लपवलं, तर भिंतीपलीकडची म्हातारी मरेपर्यंत अवदसा राहणार.

"मला सांगावं लागेल," ती म्हणाली.

कोकिळाने मनगट सोडलं.

६

लिंबाखाली सगळी जमली. आश्रुबा बाजेवर, बजरंग जोत्यावर, कस्तुराबाई दारात आणि रुख्मिणी तिच्या पायाशी. कडूबाईला ज्ञानेश्वरीने स्वतः जाऊन आणलं. ती फाटकाच्या आत आली नाही. तिथेच दगडावर टेकली.

ज्ञानेश्वरीने सोप्या शब्दांत सगळं मांडलं. पाण्यात दोष असता तर बाबा, तुम्हालाही झालं असतं. भाजकी माती निर्दोष. म्हाताऱ्या गंगीकडून आता धोका नाही. कडूबाईंच्या डोळ्याला तर धड दिसतही नाही, नजर लावायची कशी? दोष फक्त एका जागेचा होता. या घरात भर उन्हाळ्यातही जी ओली राहते, त्या रांजणाखालच्या वाळूचा. पिल्लं तिथे गारव्याला येतात, तिथेच घाण करतात आणि झाकतात. आणि त्याच वाळूत मेथी उगवली होती. ती कच्ची, न धुता खाल्ली गेली.

"मेथी?" आश्रुबा उठून बसले. "टँकरच्या पाण्यावर मेथी? कुणी पेर—"

वाक्य अर्ध्यातच राहिलं. आपण काय विचारतोय, हे त्यांचं त्यांनाच कळलं असावं.

"म्या," कोकिळा म्हणाली. "चोरून पेरली. आत्याबाईला ठावं बी न्हाई. रुख्मिणीला बी म्याच दिली."

बजरंगने बायकोकडे असं पाहिलं, जणू ती कुणी परकी बाई होती. रुख्मिणी मान खाली घालून रडायला लागली. ज्ञानेश्वरीने बोलायला तोंड उघडलं, पण कोकिळाची नजर तिच्यावर रोखलेली होती. त्या नजरेत एवढी विनवणी होती की तिने ते पुन्हा मिटलं.

कस्तुराबाई दारात उभी होती. तिचा हात चौकटीवरून घसरत खाली आला आणि ती उंबऱ्यावर बसली.

"कोकिळे," ती म्हणाली, "खोटं बोलू नगंस."

"आत्याबाई—"

"गप. वाळू म्या आणली नदीतनं. मेथ्या म्या पेरल्या. ह्येंचा डोळा चुकवून पाणी म्या घातलं. तू नगं म्हणलीस, रोज रोज कामून करता म्हणलीस, तर म्याच घास करून तुझ्या तोंडात दिला." तिचा आवाज चढला नाही, फुटलाही नाही. "समदं गाव कडूबाईला बोललं. मी बी बोलले. आन् हात माझा हुता."

बजरंग उठून वासराकडे गेला आणि पाठ करून उभा राहिला.

"मावशी, तुम्हाला माहीत नव्हतं," ज्ञानेश्वरी म्हणाली. "कुणालाच नव्हतं. दवाखान्यातसुद्धा कुणी सांगितलं नव्हतं."

"रुख्मिणीचं सांगा," कस्तुराबाई म्हणाली. "तिच्या पोटातल्याचं काय?"

"आज घेतलेलं रक्त बघितल्यावर कळेल. झालं असलं तरी गोळ्या आहेत. लवकर कळलं तर पुष्कळदा बाळाला वाचवता येतं."

"आन् न्हाई वाचलं तर?"

ज्ञानेश्वरीने आजचा नमुना ठेवलेली पेटी जवळ ओढली.

तेवढ्यात दगडावरची कडूबाई उठली. चाचपडत फाटकातून आत आली, अंगण ओलांडलं आणि उंबऱ्यापाशी, कस्तुराबाईच्या शेजारी जमिनीवर बसली. "पिल्लू माझंच हाय, कस्तुरे," ती म्हणाली. "मला तरी कुठं ठावं हुतं दुपारचं कुठं जातंय ते."

आश्रुबा बाजेवरून उतरले. त्यांनी घमेलं घेतलं, मागच्या ओसरीत गेले आणि वाळू उपसायला लागले. दर खेपेला रणरणत्या उन्हात ती पातळ पसरत होते. ज्ञानेश्वरीने चुलीवर पाणी ठेवायला सांगितलं, उकळून कोपऱ्यात ओतायला. रांजणभर पाणी घेतलं तरी म्हातारा चकार शब्द बोलला नाही.

७

रुख्मिणीच्या नमुन्याची तपासणी ज्ञानेश्वरीने दोनदा केली, आणि एवढ्या लवकर घेतलेल्या रक्तात संसर्ग दिसतोच असं नाही म्हणून मध्ये काही दिवस जाऊ देऊन तिसरा नमुना मागवला. तोही तपासला. सरांना दाखवला. मग फोन लावला.

कोकिळाने उचलला.

"स्वच्छ आहे," ज्ञानेश्वरी म्हणाली. "तिसऱ्यांदाही स्वच्छ. रुख्मिणीला काही झालेलं नाही. बाळंत होईपर्यंत जपायचं, भाजी शिजवूनच खायची, हात धुवायचे. बाकी भीती नाही."

कोकिळाने फोन बाजूला धरून हाक मारली, "रुख्मिणे! स्वच्छ हाय म्हणं!" आणि रुख्मिणी मोठ्याने, लेकरासारखी रडायला लागलेली ज्ञानेश्वरीला ऐकू आली. कोकिळा तिला समजावत होती. "उगी. उगी गं. पोटावर ताण देऊ नगंस." त्या आवाजात आनंद होता. पण त्याच्या तळाशी आणखीही काही होतं, आणि त्याला ज्ञानेश्वरीकडे नाव नव्हतं. एकीचं बाळ गेलं म्हणून दुसरीचं वाचलं होतं, आणि जिचं गेलं तीच दुसरीचे डोळे पुसत होती.

"ताई, हाव का?" कोकिळा पुन्हा फोनवर आली.

"आहे. तुझी तब्येत कशी आहे?"

"माझं काय. बरी हाय." ती थांबली. "मला परत दिवस गेले तर..."

"तुला आता भीती नाही. एकदा होऊन गेलंय, ते संरक्षण राहतं. पुढचं बाळ सहसा सुखरूप असतं."

"हां," ती म्हणाली. एवढंच. मग, "ठिवते मी. आत्याबाई त्या दिवसापासनं ताटावर बसत्यात आन् तशाच उठत्यात. रुख्मिणीचं कळल्याबिगर घास उतरत न्हाई म्हणत्यात. तवा चूल पेटलेलीच हाय, गरम भाकर टाकते. ह्ये सांगते आन् माझ्या हातानं चारते त्यांना."